उपचाराचा फायदा कोणाच्या मापाने?

नवे औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी वैद्यकीय चाचण्या घेतल्या जातात. रुग्ण किती काळ जगला, गाठ किती आकसली, रक्तदाब किती उतरला, अशी मोजमापे त्यात वापरली जातात. मात्र, यापैकी रुग्णाला स्वतःला काय मोलाचे वाटते, हा प्रश्न बराच काळ आकडेमोडीबाहेरच राहिला.

अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या उणिवेवर बोट ठेवले. स्वरयंत्राच्या वाढलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेने जगण्याची शक्यता अधिक; पण स्वरयंत्र काढल्याने नैसर्गिक आवाज कायमचा जातो. किरणोपचाराने आवाज टिकू शकतो, मात्र आयुष्याची शाश्वती कमी. डॉ. बार्बरा मॅक्नील व सहकाऱ्यांनी अग्निशमन दलाचे जवान आणि कंपन्यांतील अधिकारी अशा ३७ निरोगी व्यक्तींपुढे हा पेच ठेवला. सुमारे २० टक्के जणांनी आवाजासाठी आयुष्याचा काही भाग पणाला लावण्याची तयारी दाखविली. अशांच्या दृष्टीने केवळ वर्षे मोजणारी चाचणी अपुरीच ठरते.

हृदयरोगाच्या चाचण्यांत अडचण वेगळी आहे. तेथे मृत्यू, पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका एकाच मापात मोजण्याची प्रथा आहे. बहुधा रुग्णाची पहिली घटनाच धरली जाते. त्यामुळे सौम्य झटका आणि मृत्यू यांना सारखेच वजन मिळते.

यावर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ स्टुअर्ट पोकॉक व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'विन रेशो' ही पद्धत मांडली. नवे औषध घेणारा एक रुग्ण आणि न घेणारा एक, अशा जोड्या लावायच्या. आधी मृत्यूच्या निकषावर तुलना करायची. तेथे निर्णय झाला नाही, तर रुग्णालयात दाखल होण्यासारख्या पुढच्या निकषाकडे वळायचे. शेवटी विजय आणि पराभव यांचे गुणोत्तर काढायचे. निकषांचा हा क्रम रुग्णांना विचारून लावता येतो. क्रम बदलला, तर त्याच आकड्यांतून निराळा निष्कर्ष निघू शकतो. म्हणूनच तो चाचणीपूर्वी निश्चित होणे अत्यावश्यक आहे. अन्यथा सोयीचा क्रम लावून औषध यशस्वी ठरविण्याचा मोह होईल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या मूल्यमापनात रुग्णांच्या पसंतीची माहिती विचारात घेण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अर्थात, सर्व रुग्णांची पसंती एकच नसते. सरासरीत बहुसंख्यांचे मत उमटते. आवाज जपू पाहणाऱ्या उरलेल्यांसाठी डॉक्टरांशी होणारा मोकळा संवादच निर्णायक ठरतो.