फॉईल, निखारे आणि भाजनविचार

फॉईलमध्ये गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले अन्न खावे की खाऊ नये, हा प्रश्न अलीकडे रुग्ण चिकित्सालयात वारंवार विचारू लागले आहेत. पनीर टिक्का, लिंबू-मसाला लावलेले पापलेट, बटाटे, भाज्या हे सारे आता घरच्या गच्चीवरही फॉईलमध्ये भाजले जाते. काहींच्या मते फॉईल म्हणजे साक्षात विष, तर काहींच्या मते ही शंकाच व्यर्थ. वैद्याने यांपैकी कोणतीही टोकाची भूमिका घेऊ नये, असे आम्हास वाटते.

अ‍ॅल्युमिनियम हा धातू १८२५ मध्ये प्रथम पृथक् करण्यात आला; त्यामुळे संहितांमध्ये त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. विचाराची पद्धती मात्र तेथे सिद्ध आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली. त्यांतील ‘करण’ स्पष्ट करताना जल, अग्नी व काल यांच्यासमवेत ‘भाजन’ही द्रव्याच्या गुणांत पालट घडविते, असे त्यांनी म्हटले आहे. फॉईल हे अन्नाला सर्व बाजूंनी भिडलेले भाजनच होय. म्हणून त्याचा विचार संयोग, काल आणि उपयोक्ता यांना धरूनच करावयास हवा.

प्रथम संयोग. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा पातळ थर असतो व तो धातूचे रक्षण करतो. अम्ल, तीव्र क्षार आणि मीठ यांच्यामुळे हा थर दुबळा होतो. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे नेहमीच्या भाजण्यात फॉईल वितळून अन्नात उतरते ही समजूत चुकीची आहे. धातू उतरतो तो विरघळून. दही, लिंबू, टोमॅटो, चिंच वा कोकम आणि त्यावर मीठ व उष्णता असा योग जुळला की हे प्रमाण वाढते. फॉईलची चकचकीत बाजू आत की बाहेर, याने फरक पडत नाही.

तुर्कस्तानातील एका अभ्यासात (२००६) फॉईलमध्ये गुंडाळलेले मांस भट्टीत भाजून तपासले गेले. १५० अंशांवर ६० मिनिटे भाजलेल्या मांसात अ‍ॅल्युमिनियम ७६ ते ११५ टक्क्यांनी, तर २५० अंशांवर २० मिनिटे भाजलेल्यात १५३ ते ३७८ टक्क्यांनी वाढले. अर्थात कालापेक्षा अग्नीची तीव्रता अधिक प्रभावी ठरली. मात्र मांसातील मूळ प्रमाणच अत्यल्प असल्याने हे आकडे वाचून घाबरू नये.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये शरीरभाराच्या दर किलोमागे आठवड्याला १ मि.ग्रॅ. ही मर्यादा ठरविली. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ती २ मि.ग्रॅ. धरली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस हे आठवड्याला ६० ते १२० मि.ग्रॅ. होते. कधीतरी फॉईलमध्ये भाजून खाणाऱ्या निरोगी माणसास यात भय नाही. पोटात गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा एक टक्क्याहूनही कमी अंश शोषला जातो आणि तो वृक्कांवाटे बाहेर पडतो. अल्झायमर विकाराशी त्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

परंतु वृक्कच दुर्बल असतील तर? डायलिसिसच्या पाण्यातील अ‍ॅल्युमिनियममुळे रुग्णांना मेंदूचे व अस्थींचे गंभीर विकार जडल्याचे १९७० च्या दशकात दिसून आले. ‘उपयोक्ता’ या आयतनाचे मोल येथे कळते. वृक्करोगी, तसेच अ‍ॅल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशके दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांना फॉईलमधील आंबट पदार्थ वर्ज्य सांगावेत. लिंबातील सायट्रिक आम्ल या धातूचे शोषण वाढविते, हेही ध्यानात ठेवावे.

इतरांना सांगावयाचे ते थोडके आहे. आंबट व खारट वाटण लावलेला पदार्थ थेट फॉईलमध्ये गुंडाळू नये; आधी केळीचे पान लावावे. पारशी घरांतील पात्रानी मच्छी केळीच्या पानातच शिजते. लिंबू व मीठ शेवटी घालावे, आणि उरलेले अन्न फॉईलमध्ये न ठेवता काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात काढावे. मात्र फॉईल टाळताना अन्न उघड्या ज्वाळेवर करपवू नये. निखाऱ्यावर टपकलेल्या स्निग्धांशाच्या धुरातूनही अपायकारक संयुगे अन्नात येतात.

आता थोडे स्वगृहाकडे. रुग्णास फॉईलविषयी सावध करणाऱ्या आम्हा मंडळींच्या औषधशाळेत काढे कशात उकळतात? शार्ङ्गधरांनी क्वाथासाठी मृत्पात्र सांगितले आहे. आमलकी, चिंच यांसारख्या अम्ल द्रव्यांचे क्वाथ व क्षारकल्पना यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची पातेली वापरणे सर्वथा अयोग्य होय. उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील हा व्यवहार्य पर्याय आहे. आणखी एक गोष्ट. स्फटिका, म्हणजे तुरटी, हे अ‍ॅल्युमिनियमचेच लवण होय. लाही करून पूर्ण निर्जल केलेल्या तुरटीत सुमारे १० टक्के अ‍ॅल्युमिनियम असते, २५० मि.ग्रॅ. मात्रेतून सुमारे २६ मि.ग्रॅ. पोटात जाते. दिवसातून दोनदा दिल्यास दोन दिवसांतच आठवड्याची मर्यादा जवळजवळ गाठली जाते. म्हणून आभ्यंतर प्रयोगापूर्वी रुग्णाच्या वृक्कांची स्थिती पाहावी व औषध अल्पकाळच द्यावे.

फॉईलचा प्रश्न रुग्णाने विचारला, हे बरेच झाले. त्या निमित्ताने आपण आपली पातेली आणि आपले कपाट, दोन्ही एकदा तपासून पाहावीत, एवढीच समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती.