शेजारच्या बाकावरून जगाकडे

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या निघू लागलेल्या असतील. कुणी दसऱ्यानंतर लगेच टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये संसार टाकला असेल, कुणी भाऊबीज उरकून निघेल. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना नेकनूर लागतं. बंकटस्वामींच्या संस्थानाचं आणि मोठ्या आठवडी बाजाराचं हे गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधून या दिवसांत भरलेल्या गाड्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे जातात. पिठाची पोती, पातेली, सरपण, एखादी शेळी आणि त्यावर बसलेली पोरं. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा कितीतरी बाकांवर एकटंच मूल उरलेलं असतं.

जगात हाल सोसणाऱ्या कुटुंबांविषयी लहान मुलांच्या मनात कणव कशी रुजवावी, असं हल्ली बरेच पालक विचारतात. युक्रेन, गाझा, सुदान ही नावं मुलांच्या कानावर मोबाइलमधून पडतच असतात. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात गाझापासून करू नये. ती त्या अर्ध्या रिकाम्या बाकापासून करावी, आणि मुलांना दुःख सांगण्याआधी हिशेब सांगावा.

चौथीच्या वर्गाला जमेल असा हा हिशेब आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार झाला, त्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ रुपये १० पैसे मिळायचे, ते ३६६ रुपयांच्या घरात गेले. म्हणजे पहाटेपासून राबून दोघांचे मिळून दिवसाला ७३२ रुपये. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, तेही मधे एक पैसा खर्च केला नाही तर. हंगामच साधारण पाच महिन्यांचा. त्यात एखाद्या दिवशी कामाला गेलं नाही, तर खाडा धरून पैसे कापले जातात.

हे गणित फळ्यावर सोडवलं, की आई तापात असूनही फडात का जाते, हे गुरुजींना वेगळं सांगावं लागत नाही. थोरली बहीण शाळा सोडून फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, धाकट्याला का सांभाळते, तेही मुलं आपणच ओळखतात. हिशेब न सांगता नुसतं ‘बिचारी गरीब माणसं’ म्हटलं, तर मुलांच्या मनात एक खोटं उत्तर तयार होतं. त्यांना शाळेची आवडच नाही, त्यांचे आईबाप अडाणी आहेत, म्हणून ते जातात. मोठ्यांच्या जगात हे उत्तर आधीच रुळलेलं आहे. मुलांपर्यंत ते पोचू नये, एवढी खबरदारी घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट परतीची. चैत्र-वैशाखात मूल वर्गात येतं तेव्हा त्याचं स्वागत बहुधा ‘इतके दिवस कुठं होतास?’ या दरडावणीने होतं. तोच प्रश्न नकाशासमोर उभं करून, कौतुकाने विचारून बघावा. त्या मुलाने तीन-चार जिल्हे पाहिलेले असतात. कृष्णा, पंचगंगा पाहिलेली असते. सीमेपलीकडच्या कारखान्यावर राहिलं असेल, तर कानडीतली आकडेमोड येत असते. पाचट आणि ताडपत्रीची कोपी कशी उभारतात, मोळी कशी बांधतात, उसाचं वाढं कुणाला आणि कसं विकतात, हे ते सगळ्या वर्गाला सांगू शकतं. मात्र सांगायचं की नाही हे त्यानेच ठरवावं. ज्याला बोलायचं नाही त्याला उभं करू नये.

इथेच एक तक्रार नोंदवतो. वह्या-दप्तरांचं वाटप करताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातून देणाऱ्याच्या घरचं मूल काय शिकतं? देणारा फोटोच्या मधोमध असतो आणि घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं असतं, एवढंच. दप्तर जरूर द्यावं, पण ते शाळेमार्फत, नाव न लावता.

लहान मुलांना दुसऱ्याविषयीची कणव शिकवावी तरी लागते का? फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपण होऊन उचलून देत होती. दुसऱ्याची अडचण ओळखणं असं फार लवकर येतं. आपलं काम ते मोडू न देण्याचं. कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६मध्ये टोरांटोत एक उपक्रम सुरू केला. त्यात वर्षभर ठरावीक काळाने एक तान्हं बाळ आईबापांसह वर्गात येतं, आणि ते का रडतंय, कशाने हसतंय, हे मुलं ओळखायला शिकतात. आपल्या अंगणवाड्यांना यासाठी नवं काही आणावं लागणार नाही. बाळं तिथे येतच असतात. अंगणवाडीची कल्पना ज्यांच्या कामातून पुढे आली त्या ताराबाई मोडकांनी तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी कोसबाडला हे काम पुढे चालवलं.

शेजारचं बाक नीट कळलं, की जगाकडे जायचा रस्ता कोल्हापूरवरून जातो. नेकनूरकडच्या टोळ्या ज्या जिल्ह्यात कोप्या घालतात, त्याच कोल्हापूर जिल्ह्यात वळिवडे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. पोलिश मुलं गेली, आणि फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच. कपड्याच्या ठोक बाजारासाठी लोक तिथे जातात, पण आपण कुणाच्या छावणीवर उभे आहोत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पोलिश निर्वासितांचं स्मारक कोल्हापुरात महावीर उद्यानात आहे.

ही गोष्ट मुलांना सांगितली की निर्वासित म्हणजे टीव्हीवरचे कुणी परके, हा समज गळतो. मात्र फरकही सांगावा. वळिवड्याच्या लोकांना युद्धाने हुसकावलं होतं आणि युद्ध संपलं. नेकनूरच्या वाटेवरची गाडी दर वर्षी निघते, आणि तिला उलटं फिरवायला कुठला तह होत नाही.

२०२४च्या अखेरीस जगात जबरदस्तीने घर सोडावं लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था सांगते. एवढा आकडा सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवून काही उपयोग नाही. ढिगाऱ्यांचे, रक्ताचे व्हिडिओ तर दाखवूच नयेत. त्यातून कणव येत नाही, भीती येते, आणि पुढे सवय. मुलाने विचारलं तर खरं, पण थोडक्यात सांगावं. घर सोडावं लागलेल्या मुलांना आत्ता कोण जेवू घालतंय, त्यांची शाळा कुठे भरते, हेही सांगावं. परिपाठात पसायदान रोज म्हटलं जातं, ते तर सगळ्या भूतमात्रांसाठीचं मागणं आहे. आठवड्यातून एकदा गुरुजींनी ते म्हणून झाल्यावर विचारावं, आज हे कुणाच्या वतीने मागितलं? मुलं नावं सांगतील. त्यांत ऊसतोडीला गेलेल्या सोबत्याचं नाव आलं, तर शिकवणं योग्य दिशेने चाललंय असं समजावं.

आता वाचकांकडे एक मागणं. ऊस असलेल्या भागात तुम्ही राहत असाल, तर या आठवड्यात तुमच्या गावाबाहेर कोप्या पडतील. तिथल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत घेऊन जा. बीडहून येताना त्यांना शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलेलं असेल तर ते दाखवा. नसलं तरी अडू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा वर्ष अर्ध्यावर आलं आहे, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. जाताना आपलं मूलही सोबत न्या.