कांदा, पाऊस आणि शेजार

हवामानबदल आणि सुरक्षा हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वितळणारं हिम, वाढणारा समुद्र, सीमेवरचं सैन्य. मी मात्र आज साक्रीच्या कांदाचाळीपासून सुरुवात करणार आहे.

धुळ्या-जळगावच्या श्रोत्यांना हे सांगायला नको, पण दूरवर ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो. तो चाळीत ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. मग खरिपाचा लाल कांदा बाजारात येतो. या दोन पिकांमध्ये जो सांधा आहे, तो फार नाजूक. पाऊस लांबला की चाळीतला कांदा दमट हवेनं सडतो आणि शेतातला पाण्यात बसतो. मार दोन्हीकडून!

२०१९ साली हेच झालं. मोसमी पाऊस माघारी फिरायला ९ ऑक्टोबर उजाडला. तोवरच्या नोंदींत इतका उशीर कधीच झालेला नव्हता. शहरांत भाव भडकले आणि २९ सप्टेंबरला केंद्र सरकारनं निर्यात बंद केली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. त्यांनी हसत सांगितलं, की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. बंदीआधी थोडं कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. पण नोव्हेंबरात ढाक्याला कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला आणि तो देश इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारकडे वळला. पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी!

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून मला इथं थांबावंच लागेल. हवामानबदलामुळे निर्यातबंदी झाली, असं म्हणता येईल का? एका हंगामाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून अतिवृष्टीची शक्यता वाढते, एवढं विज्ञान सांगतं. शिवाय आपल्याकडे कारणांचा विचार करताना माती आणि कुंभार वेगळे मानतात. माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. बिघडलेला पाऊस ही माती झाली. तिच्यातून बंदीचं मडकं घडवणारा कुंभार म्हणजे धोरण. मडकं कच्चं निघालं तर नुसत्या मातीला बोल लावून कसं चालेल?

आणि ही गोष्ट एकट्या कांद्याची नाही. २०२२ चा मार्च देशाच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि १३ मेला गव्हाची निर्यात थांबली. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्याच्या आधीच, जुलैत, बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली होती. जगाच्या तांदूळ-व्यापारात आपला वाटा सुमारे चाळीस टक्के. एवढ्या मोठ्या देशानं दार लावलं की आवाज लांबवर जातो.

मग करायचं काय? वाट आपल्याच धोरणात सापडते. डिसेंबर २०२३ मध्ये कांदाबंदी पुन्हा आली. पण एप्रिल २०२४ मध्ये, मालदीवशी संबंध ताणलेले असतानाही, भारतानं १९८१ च्या व्यापार कराराला धरून त्यांना वर्षभरासाठी कांदा, तांदूळ, गव्हाच्या पिठाचा कोटा ठरवून दिला. वाटा लहान असेना, पण आधी ठरलेला. विश्वास म्हणतात तो हाच. बाकीच्या शेजाऱ्यांशी असं का ठरू नये?

आणि ज्यानं पिकवला त्याचं काय? बंदी आली की भाव पडतो तो त्याचा. दिल्लीच्या ग्राहकाची सुरक्षा, ढाक्याच्या गृहिणीची सुरक्षा आणि साक्रीच्या शेतकऱ्याची सुरक्षा, या तिघांचं ओझं आज एकाच्याच पाठीवर आहे. पाऊस आपल्या हातात नाही, हे खरंच. पण त्याचा तोटा कुणी सोसायचा, हे आभाळ ठरवत नाही. ते आपण ठरवतो. आणि जे आपण ठरवतो, त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.