तर्कदोष व कादंबरीचे अध्यापन
युक्तिवाद वरकरणी ग्राह्य वाटत असूनही त्यातील आधारविधानांतून निष्कर्ष निष्पन्न होत नसेल, तर त्यात तर्कदोष आहे असे म्हणतात. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) तर्कदोषांचे १३ प्रकार सांगून भाषाश्रित व भाषाबाह्य असे त्यांचे दोन वर्ग पाडले. तर्कशास्त्राप्रमाणेच इंग्रजी भाषा-साहित्याच्या वर्गातही हा विषय शिकविला जातो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या सामाईक निकषांत नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला असत्य विधाने व सदोष तर्क ओळखता यावेत, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी जॉर्ज ऑर्वेलची ॲनिमल फार्म (१९४५) ही कादंबरी विशेष सोयीची ठरते.

या रूपकात्मक कादंबरीत मॅनर फार्मवरील जनावरे जोन्स या मालकाला हाकलून समतेचे राज्य स्थापतात. पुढे सत्ता डुकरांच्या हाती जाते. त्यांचा प्रवक्ता स्क्विलर याची भाषणे म्हणजे तर्कदोषांचे भांडारच होय. दूध व सफरचंदे डुकरांना न मिळाल्यास जोन्स परत येईल, असे तो बजावतो. येथे मधले सर्व पर्याय गाळणारा मिथ्या विकल्प आणि भीतीचे आवाहन एकत्र आले आहेत. वादळी रात्री पवनचक्की कोसळते, तेव्हा नेपोलियन हद्दपार स्नोबॉलला जबाबदार धरतो. हा मिथ्या कारणाचा दोष होय. बिछान्यात झोपू नये या नियमाचा भंग झाल्यावर गवताची रासही बिछानाच ठरविली जाते व मनाई केवळ चादरींना होती, असे सांगितले जाते. न्यायदर्शनातील वाक्छल याच जातीचे आहे : ‘नवकंबल’ या शब्दातील ‘नवे’ हा अभिप्रेत अर्थ टाळून प्रतिपक्षी ‘नऊ’ हा अर्थ घेतो.

सामान्यतः दोषांची यादी देऊन प्रत्येकाचे उदाहरण कादंबरीतून शोधावयास सांगतात. तपासण्यास सोपी असल्याने ही पद्धत रूढ आहे. तथापि तिच्यामुळे एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. कोसळलेल्या बॉक्सर घोड्याला नेणाऱ्या गाडीवर घोडे मारणाऱ्या खाटकाचे नाव असते. बेंजामिन हे गाढव ते वाचून दाखविते. ती गाडी पशुवैद्याने विकत घेतली असून जुने नाव पुसावयाचे राहिले होते, असा खुलासा स्क्विलर पुढे करतो. विद्यार्थी यालाही तर्कदोष म्हणतात. वस्तुतः येथे अनुमान निर्दोष आहे : गाडी खरोखरच विकली गेली असेल, तर तीवरील जुन्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. आधारविधान मात्र असत्य आहे. उत्पादन शेकडो टक्क्यांनी वाढल्याचे त्याचे आकडेही असेच. तर्कदोष विधानांच्या परस्परसंबंधावरून जागच्या जागी पकडता येतो. असत्य पकडण्यास विधानाबाहेर जावे लागते, त्यासाठी स्मरण, नोंदी व साक्षरता लागते. जनावरांपाशी नेमके हेच नसते. क्लोव्हर ही घोडी शंका आल्यावर म्यूरिएल शेळीकडून भिंतीवरील नियम वाचून घेते, पण तोवर मजकूर बदललेला असतो.

कुत्र्यांच्या गुरगुरण्याचे स्वरूप याहून निराळे आहे. चार तरुण डुकरे निषेध करू लागताच कुत्री गुरगुरतात आणि ती गप्प बसतात. पाठ्यपुस्तके यास दंडाधारित युक्तिवाद म्हणतात. पण येथे युक्तिवादच झालेला नाही, तेव्हा दोषाचे नाव देऊन फारसे साधत नाही. म्हणून नाव विचारण्यापूर्वी आधारविधाने व निष्कर्ष वेगळे लिहावयास सांगून त्यांपैकी काय पडताळता आले असते व कोणाला, हे विचारणे इष्ट होय.

दोष केवळ खलपात्राच्याच बोलण्यात शोधण्याची प्रवृत्तीही आढळते. सदोष युक्तिवादाचा निष्कर्ष खरा असू शकतो, आणि सहानुभूती मिळविणारे पात्रही दोषमुक्त नसते. दूध-सफरचंदांच्या प्रश्नावर स्नोबॉल नेपोलियनशी पूर्णपणे सहमत होता, ही गोष्ट वर्गात बहुधा नजरेतून सुटते.