उद्या या, परवा या

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील हार्ट अटॅकने वारले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवणारा टेम्पो ते चालवायचे. वय चाळिशीच्या आतलं. इद्दत संपल्यावर मुलाची आई मरहूम नवऱ्याचं पासबुक घेऊन शाळेत आली. म्हणाली, "आपा, बँकवाले म्हणतात काही मिळणार नाही. हे पैसे मग कशाचे कापले?"

पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस दोन रकमा कापलेल्या होत्या, ४३६ रुपये आणि २० रुपये. वीस रुपयांची ती सुरक्षा विमा योजना. तीत फक्त अपघाताचे पैसे मिळतात. ४३६ रुपयांची जीवन ज्योती विमा योजना. तीत मृत्यू आजाराने झाला तरी वारसाला दोन लाख मिळतात. दोन्ही योजना २०१५ सालच्या. काउंटरवरच्या माणसाने पहिलीच ओळ वाचली असावी, कारण दिराला उत्तर मिळालं होतं, "अपघात नाही ना? मग नाही." दुसऱ्यांदा सांगितलं, वारसाने स्वतः यावं. ती इद्दतीत होती. गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायची मुभा आहे असं आलिम सांगतात, पण घरच्यांनी तिला पाठवलं नाही आणि महिने गेले.

आम्ही तिच्याबरोबर शाखेत गेलो. दोन्ही रकमा बोट ठेवून दाखवल्या तेव्हा खणातून फॉर्म निघाला. मग दुसरी अडचण. पासबुकात 'मोहम्मद', आधारवर 'मो.', मृत्यूच्या दाखल्यावर 'महंमद'. माणूस एकच, पण बँकेच्या लेखी तीन. पुढच्या खेपेला साहेब रजेवर, त्यापुढच्या खेपेला सर्व्हर बंद. एकूण सहा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तिचा रोज बुडाला, एस.टी.चं भाडं वेगळं.

सातव्या खेपेला आम्ही अर्जाच्या दोन प्रती नेल्या. "अर्ज कशाला? तोंडी सांगा की," असं म्हणून झालं. आम्ही शिक्क्यासाठी उभे राहिलो. आमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडली, आणि आठवड्याभरात बँकेचा आक्षेप प्रथमच कागदावर आला: नावात फरक, प्रतिज्ञापत्र जोडावे. इतकंच हवं होतं! प्रतिज्ञापत्र एका दिवसात झालं.

हे एका शाखेचं दुखणं असतं तर लिहिलं नसतं. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची योजना आपल्या राज्यात बरीच वर्षं विमा कंपन्यांमार्फत चालली. दावे वेळेत मंजूर होत नाहीत, नको त्या त्रुटी काढल्या जातात, अशा तक्रारी होत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला काढून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना स्वतःकडे घेतली. साप चावून किंवा विजेच्या धक्क्याने शेतकरी गेला, तर आता अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. मुदत मात्र ३० दिवसांची, म्हणजे ती इद्दतीतच संपते. जुन्नर-आंबेगावच्या आपल्या शेतकरी घरांनी हे ध्यानात ठेवावं. कागद दिराने, भावाने न्यावेत, पण त्याच महिन्यात न्यावेत.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. विमा कंपनीच्या तक्रारीसाठी विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथेही आधी कंपनीला लेखी कळवलेलं असावं लागतं. आपल्याकडे पुष्कळांचे पैसे पतसंस्थेत असतात. तिला रिझर्व्ह बँकेचा लोकपाल लागू नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यायची. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो, शिक्क्याची प्रत कुठे आहे?

दोन लाख दीड महिन्याने तिच्या खात्यात आले. बाईंनी पेढे आणले. आम्हाला मात्र त्या 'महंमद'चं कोडं सुटेना. मरहूम आमच्याच शाळेत शिकलेले. जुनं जनरल रजिस्टर काढलं. आमच्या आधीच्या गुरुजींच्या सुरेख अक्षरात 'महंमद' लिहिलेलं होतं. उर्दूतलं नाव मराठीत उतरवताना त्यांना जसं ऐकू आलं तसं. पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून कुठे कुठे.

मग आम्ही आमच्या हातच्या नोंदी चाळल्या. दोन सख्खे भाऊ, बापाचं नाव दोघांच्या ओळीत वेगळं. अक्षर आमचंच. एकदा मूल शाळा सोडून गेलं की ही दुरुस्ती किती अवघड, ते शिक्षकांनाच विचारा. धाकटा अजून चौथीत आहे. त्याच्या बापाला आधार आणि पासबुक घेऊन शाळेत बोलावलं आहे. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही ट्रेनिंगला गेलो होतो, आणि ऑफिसातून त्याला सांगण्यात आलं, उद्या या.