पत्ता देणारे यंत्र आणि नोंद राखणारा माणूस

पत्ता ही वरवर पाहता किरकोळ बाब आहे. परंतु तो कोणी द्यावा आणि त्याची नोंद कोणी राखावी, हा प्रश्न किरकोळ नाही. शीव-पनवेल महामार्गालगतचे शिरवणे हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या परिसरात नवे शहर आखले गेले आणि शेजारच्या नेरुळमध्ये सेक्टर, भूखंड व इमारत अशा क्रमाने पत्ते ठरले. गावठाणात मात्र आळी, देऊळ आणि घराण्याचे नाव हीच घराची खूण राहिली. पहिली पद्धत परक्यालाही उपयोगी पडते. दुसरी, जाणता माणूस जवळ असेल तोवरच.

हाच भेद आज ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात निराळ्या रूपाने उभा आहे. एके काळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात महापे, रबाळे, ऐरोली येथे मोठमोठी डेटा सेंटरे आली. तेथे एका प्रत्यक्ष सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर नांदतात. कार्यप्रणाली आणि विशिष्ट कामाची सारी सामग्री आधीच बसवलेली अशी त्यांची तयार प्रतिमा मिळते. तिच्या दहा काय, शंभर नकला काही मिनिटांत निघतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, पुढच्या प्रत्येक नकलेचा खर्च जवळजवळ शून्य होतो. अडते ते पत्त्यापाशी. एकाच जाळ्यातील दोन यंत्रांना एकच पत्ता असला, तर एकाचा निरोप दुसऱ्याकडे जातो आणि दोघांचेही काम बिघडते.

हाताने पत्ता द्यायचा म्हणजे तंत्रज्ञाने प्रत्येक यंत्रात पत्ता, जाळ्याची व्याप्ती, बाहेर पडण्याचे द्वार आणि नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असे चार तपशील भरायचे व ते वहीतही उतरवायचे. पाच यंत्रे असतील तर हे निभते. पाचशे यंत्रांत एक आकडा चुकला, तर तो शोधण्यात दिवस जातो.

यावर उपाय म्हणून डीएचसीपी नावाचे मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि १९९७ साली ते सुधारण्यात आले. नवे यंत्र सुरू होताच जाळ्यात पुकारा करते. पत्ते वाटणारा सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. यंत्र तो मागून घेते आणि सर्व्हर मान्यता देतो. हा पत्ता मालकीचा नसतो, मुदतीच्या भाडेपट्ट्याचा असतो. सिडकोने दिलेल्या भूखंडांचे भाडेपट्टे माहीत असलेल्या नवी मुंबईकराला ही कल्पना परकी वाटू नये. दुसरी रीत अशी की, पत्ता व इतर तपशील यजमान सर्व्हरनेच तयार ठेवावेत आणि आभासी यंत्राने पहिल्यांदा जागे होताना ते वाचून स्वतःची मांडणी करावी.

येथवर सारे इष्टच आहे. परंतु स्वयंचलन चूक नाहीशी करते, हा समज खरा नाही; ते चुकीची जागा बदलते. नक्कल काढताना मूळ यंत्राची अंतर्गत ओळखही जशीच्या तशी उतरली, तर वाटप करणारा सर्व्हर दोन यंत्रांना एकच समजून एकच पत्ता देऊ शकतो. हाताने काम करणाऱ्याची चूक एका यंत्रापुरती राहते. नियम लिहिणाऱ्याची चूक त्या नियमाने चालणाऱ्या सर्वांची होते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या, त्या घटनेचे मर्म हेच होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या तपासणी प्रणालीतही दोष होता. मग कंपनीचा पत्ता जगाला सांगणाऱ्या सर्व्हरांनी, ठरलेल्या नियमानुसार, आपले मार्ग आपणहून मागे घेतले. प्रत्येक यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली आणि म्हणूनच सारे एकदम अदृश्य झाले.

याचा अर्थ स्वयंचलन टाळावे असा नव्हे. त्याचा खरा हिशेब मांडावा, एवढेच. आकडे भरणाऱ्याचे श्रम वाचतात. पण नियम लिहिणे, तो थोड्या यंत्रांवर आधी पारखणे, कोणता पत्ता कोणाला व कधी दिला याची नोंद राखणे आणि नियम फसल्यास मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, हे श्रम वाढतात. पहिले श्रम वाचले म्हणून दुसऱ्यांवरचा खर्चही छाटणारी संस्था काटकसर करीत नसते. ती पुढचे संकट उधारीवर घेत असते.

शिरवण्यासारख्या गावांच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्यांची नातवंडे आज रोजगार शोधत आहेत. डेटा सेंटरांना भांडवल अफाट लागते, माणसे थोडी लागतात. आणि आकडे भरण्याची जी कामे नवशिक्यांच्या वाट्याला येत, तीच यंत्राकडे प्रथम जातात. तेव्हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला केवळ कोणती कळ दाबावी हे शिकवून भागणार नाही. पत्ता कसा वाटला जातो, नियम कसा लिहावा आणि तो कोठे फसतो, हे त्याला उमगले पाहिजे. नियम पाळण्याचे काम यंत्र करीलच. नियमाचा जाब देणारा माणूस मात्र शिक्षणानेच घडवावा लागेल.