बेगमपेठचा डकोटा आणि आजोबांचा फोटो

मागच्या दिवाळीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना भेटून आम्ही हैदराबादला परतत होतो. मुंबईच्या टी-टू टर्मिनलवर वेळेआधीच पोहोचलो. कॉलेजात शिकणारी आमची लेक एका भिंतीसमोर जी थबकली, ती हलेचना. कोरीव लाकडी झरोके, जुन्या मूर्ती, लोककलेचे नमुने... राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून साकारलेलं हे ‘जय हे’ कलादालन २०१४ मध्ये सुरू झालं. भिंतीची लांबी सुमारे तीन किलोमीटर आणि त्यावर हजारो कलावस्तू!

“बाबा, आपल्या हैदराबादच्या विमानांचा इतिहास कुठे बघायला मिळतो?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “घरी चल, एक फोटो दाखवतो.”

तो फोटो माझ्या आजोबांचा. बेगमपेठच्या धावपट्टीवर डकोटा विमान उभं आहे. त्याच्या शिडीपाशी काळा कोट घातलेले आजोबा आणि आणखी तिघं जण. आजोबा कुठे निघाले होते, की कुणाला निरोप द्यायला आले होते? फोटोच्या मागे ना तारीख, ना नाव. सांगणारं आज घरात कुणी उरलेलं नाही.

मुलांनो, बेगमपेठ म्हटलं की तुम्हाला फ्लायओव्हर आणि मेट्रो आठवते. पण शमशाबादचा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू होईपर्यंत आपल्या शहराचं सगळं येणं-जाणं बेगमपेठहूनच व्हायचं. निझामाच्या राजवटीत, १९३० च्या दशकात तिथं विमानतळ उभा राहिला. १९४५ मध्ये निझाम संस्थान आणि टाटा यांच्या भागीदारीतून ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली. म्हणजे आपल्या शहराची स्वतःची विमान कंपनी होती! तिच्या ताफ्यात मुख्यतः डकोटा विमानं होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेले डकोटा स्वस्तात मिळू लागले आणि देशातल्या कितीतरी नव्या कंपन्या त्यांच्याच भरवशावर उभ्या राहिल्या.

मुलींनी तर या कंपनीचं नाव लक्षातच ठेवावं. प्रेम माथूर यांना १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. बाई विमान चालवणार म्हटल्यावर प्रवासी बसतील का, या शंकेनं अनेक कंपन्यांनी त्यांना नाकारलं. नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजनं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली.

त्याच वर्षी नागपूरला रात्रीच्या टपालाची गंमतशीर सोय सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून टपालाची विमानं रात्री निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. पुढे काही काळ हे काम डेक्कन एअरवेजकडेही होतं. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि इतर कंपन्यांबरोबर ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

आता कलेकडे वळू. ‘विमानात कसली आलीय चित्रकला?’ असं लेकीला वाटलं होतं. पण एअर इंडियानं १९५० च्या दशकापासून आपल्या कार्यालयांसाठी चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या खरेदीत होती नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा यांची चित्रं. त्या संग्रहात गायतोंडे आहेत, पंढरपूरला जन्मलेले हुसेन आहेत आणि आपल्या बोलारमचे के. एच. आराही आहेत. हे आरा मुंबईत घरकाम करून, गाड्या धुऊन पोट भरत चित्रकार झाले. कंपनी विकली गेल्यावर हा हजारो वस्तूंचा संग्रह २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाकडे सोपवण्यात आला. जपला होता, म्हणून सोपवता आला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळानं तर १९८० मध्येच आपला संग्रहालय विभाग सुरू केला. तिथल्या हवाई इतिहासाच्या दालनात जुनी तिकिटं, गणवेश, जेवणाच्या बशासुद्धा मांडतात. आपण ज्याला रद्दी म्हणतो, तेच!

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. काचीगुड्याचं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आजोबांची पत्र्याची पेटी मी न उघडता रद्दीवाल्याला दिली. आईनं “एकदा बघ तरी” म्हटलं होतं. ट्रक खाली उभा होता, मला घाई होती. हा एक फोटो वाचला तो देवघराच्या पुस्तकात ठेवलेला होता म्हणून. त्या पेटीत काय होतं, ते आता मला कधीच कळणार नाही.

म्हणून तरुण मंडळींना एक विनंती. या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. पहिल्यांदा विमानात कधी बसलात, तिकीट कुणी काढलं, पोचवायला कोण आलं होतं, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटते. लॅमिनेशन मात्र करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. पुढच्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये एक टेबल मांडू, त्यावर प्रत्येक घरातली एक वस्तू ठेवू.

आमच्या घरातून तो फोटो येईल. त्यातल्या उरलेल्या तिघांपैकी कुणी तुमचे आजोबा निघाले, तर मला जरूर सांगा.